काळजी करणं, काळजी घेणं

मराठीत काळजी करतात आणि काळजी घेतात. नाम एकच, क्रियापदं दोन. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात वाढलेल्या माणसाच्या हे लवकर लक्षात येतं, कारण घराचा उंबरा ओलांडला की हे नाम फुटतं. शेजारी हिंदीत ‘चिंता’ करतात, पण ‘खयाल’ ठेवतात. भाजीवाली छत्तीसगढीत ‘संसो झन कर’ म्हणते, म्हणजे काळजी करू नको; काळजी घे म्हणायचं असेल तर ती दुसरा शब्द काढते. आम्ही मात्र घरात शिरलो की दोन्ही गोष्टी पुन्हा एकाच शब्दात बसवतो. तो शब्द कानाला काळजाच्या इतका जवळचा लागतो, की त्याच्याबद्दल शंका घ्यावी असं मनातही येत नाही. ज्याला काळजी वाटते तोच काळजी घेतो, असं मी साठ वर्षं धरून चाललो होतो. गेल्या मे महिन्यात गोव्यात, करंझाळ्याच्या वाळूत उभा असताना, हे गृहीतक माझ्या हातून सुटलं. आदल्या संध्याकाळी मी बायकोच्या नकळत एक फोन केला होता. हा लेख त्या फोनबद्दल आहे. प्रश्न असा, की आपल्या माणसाचा जीव धोक्यात आहे असं आपल्याला वाटलं, तर त्याला न विचारता मध्ये पडायचा अधिकार आपल्याला कितपत असतो?

आधी घरची हकीकत सांगतो. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात कारकुनी, भिक्षुकी आणि हिशेब सांभाळायला जी मराठी घरं छत्तीसगढात आली, त्यांतलं आमचं एक. १८१८ साली कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं, त्याच्या मागोमाग आमचे लोक इकडे आले, असं घरात सांगतात. रायपूर हे तलावांचं गाव. बूढा तलाव, कंकाली तलाव, महाराजबंध ही नावं आम्ही पत्ता सांगताना वापरतो. माझ्या वयाची अर्धी मुलं त्या पाण्यात आपोआप पोहायला शिकली. मी शिकलो नाही. वर्गातला एक मुलगा बुडाला आणि आईने मला शपथ घातली. तेव्हापासून तलावाकडे जाणारी गल्लीसुद्धा मला बंद झाली. आई आज शहाऐंशी वर्षांची आहे आणि मी एकसष्ट. त्या शपथेचं पालन मी इतकं चोख केलं, की समुद्रासमोर उभा राहिलो तेव्हाही मला पोहता येत नव्हतं.

ही वर्ध्याची. आमच्या पिढीतले नवरे बायकोला ‘ही’ म्हणतात, तसंच इथेही म्हणतो. हिच्या आजोबांनी हिला सातव्या वर्षी पाठीला वाळका भोपळा बांधून शेतातल्या विहिरीत सोडलं. तिसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. पाण्याच्या बाबतीत आम्हा दोघांचं शिक्षण असं दोन टोकांना झालेलं आहे.

चार वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, हिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तपासणीचा अहवाल आधी माझ्या हातात पडला. बँकेत वर्षअखेरीचं काम चालू होतं, ही रात्री नऊच्या आत घरी येत नव्हती. मी डॉक्टरांना हात जोडले. म्हटलं, एकतीस तारीख जाऊ द्या, मग सांगू. ते कबूल झाले. आठ दिवस तो कागद मी गणिताच्या एका पुस्तकात ठेवला आणि हिच्या समोर बसून जेवलो. पुढे शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या, केमोथेरपी झाली, केस गेले आणि परत आले. आठ दिवसांनी उपचारात काही फरक पडला नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि तोच माझा बचाव होता. बऱ्याच महिन्यांनी जुनी कागदपत्रं लावताना हिला तारखांचा मेळ लागला. भांडण झालं नाही. ही एवढंच म्हणाली, ‘‘माझ्या बाबतीतलं माझ्याआधी तुम्ही पुन्हा ठरवू नका.’’ मी हो म्हणालो.

आजारपणानंतर आम्ही पहिल्यांदा गावाबाहेर पडलो ते धमतरीजवळ गंगरेलला. महानदीवरचं धरण, कागदोपत्री नाव रविशंकर सागर. त्या दुपारी चांगलं वारं सुटलं होतं. ही काठावर बसून पाण्यावर उठणाऱ्या सुरकुत्या बघत होती. ‘‘एवढा वारा फुकट जातोय,’’ म्हणाली. मी ते विसरलो, ही विसरली नाही. निवृत्तीनंतर आईला काय हवं, असं पुण्याच्या मुलीने विचारलं तेव्हा हिने विंडसर्फिंग शिकायचं असं सांगितलं. शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचं. मुलीने गोव्यातल्या एका छोट्या केंद्रात सहा दिवसांच्या वर्गाचे पैसे भरूनही टाकले.

प्रश्न हाताचा होता. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची भीती असते. पूर्वी अशा बायकांना सरसकट सांगत, की वजन उचलू नका, हाताला जोराचं काम देऊ नका. १९९६ साली कॅनडात, व्हँकूव्हरला, डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी ही समजूत तपासून पाहिली. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या चोवीस बायकांना त्यांनी हळूहळू तयार केलं आणि लांबलचक ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. कुणाचा हात नव्याने सुजला नाही, ज्यांचा आधीपासून सुजलेला होता त्यांचा वाढला नाही. आज अशा बायकांच्या बोटी अनेक देशांत चालतात. इतकी वर्षं डॉक्टरांनी त्यांना जपलं होतं, पण जपताना त्या हातांना काय जमेल हे कुणी पाहिलंच नव्हतं.

हिने हे सगळं वाचून ठेवलं होतं. आमच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. सहा महिने रबरी पट्ट्यांनी व्यायाम केला होता, हातावर चढवायची घट्ट बाही आणली होती, आणि केंद्राच्या अर्जात आजाराचा रकाना स्वतः पूर्ण भरला होता. म्हणजे घेण्यासारखी जी काळजी होती ती हिने घेतली होती. माझ्या वाट्याला उरली होती ती करायची काळजी.

निघायच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या पाच-सहा जणांनी बजावलं, पाण्यात जपून. आई म्हणाली, ‘‘समुद्र लांबूनच बघा.’’ गाडी जपून चालवा असं मात्र कुणी म्हणालं नाही. रायपूर ते गोवा अंतर बाराशे किलोमीटरहून जास्त आहे. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांकडे झुकणाऱ्या उन्हात, एकसष्ट वर्षांचा माणूस ते गाडीने जाणार होता. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. हा आकडा मला पाठ आहे, कारण मी कॉलेजात गणित शिकवत असे आणि संभाव्यतेच्या तासाला असली उदाहरणं देत असे. तरीही राजनांदगावच्या पुढे, देवरीच्या पट्ट्यात, ट्रकांमधून वाट काढताना माझ्या पोटात एकदाही गोळा आला नाही. ही शेजारी बसून कलिंगडाच्या फोडी देत होती, आणि धोका दोघांनाही सारखाच होता. मला भीती वाटली नाही, कारण चाक माझ्या हातात होतं. भीती धोक्याच्या मापाने येत नाही, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. ती बऱ्याचदा चाक कुणाच्या हातात आहे ते बघून येते, हे मला शिकायचं होतं.

पहिला मुक्काम वर्ध्याला केला. हिची ती विहीर अजून आहे. वर लोखंडी जाळी बसवली आहे, पाणी खूप खाली गेलं आहे. ‘‘अहो, इथून उडी मारायचे मी,’’ ही जाळीवर ओणवून म्हणाली. जाळी पक्की होती, तरी मी हिचा दंड धरला. मग यवतमाळ, नांदेड, लातूर. नांदेडला चहावाल्याने आमची मराठी ऐकून ‘‘तुम्ही हिंदीवाले का?’’ असं विचारलं. तुळजापूरला दर्शन, सोलापूरला शेंगदाण्याची चटणी, कोल्हापूर, आणि आंबोली घाट उतरून सावंतवाडी. दर दोन तासांनी लिंबाचं झाड बघून गाडी थांबवायची. ही खाली उतरून हाताचे व्यायाम करायची आणि मी घड्याळ बघायचो. हा प्रवास आम्हा दोघांना मनापासून आवडला. तिथवर मी चालवत होतो.

शाळेत आम्ही हिंदीतून ‘समुद्र समीर’ आणि ‘स्थल समीर’ पाठ केले होते. मराठी पुस्तकांत त्यांना खारे वारे आणि मतलई वारे म्हणतात. करंझाळ्याला ते पहिल्यांदा अंगावर आले. मतलई वारा रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो नवशिक्याला आत ओढून नेतो. खारा वारा दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येतो, तो नवशिक्याची चूक पोटात घालून त्याला किनाऱ्याला आणून सोडतो. म्हणून वर्ग दुपारचा. शिकवणारा तिशीतला मुलगा होता. त्याने पहिला दिवस वाळूतच घेतला. या फळीला सुकाणू नसतं. डोलकाठी अशा सांध्याने बसवलेली असते, की ती हव्या त्या बाजूला कलते. शीड पुढे कललं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कललं की वाऱ्याकडे वळते. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. पाण्यात पडलेलं शीड दोरीने वर काढायचं, ते हाताच्या बळावर नाही, पायांच्या. शेवटी त्याने दोन नियम सांगितले. घाबरलात तर शीड सोडून द्या, ते पाण्यात पडलं की फळी थांबते. पण फळी कधीच सोडू नका, कारण ती तरंगते, आणि पाण्यात माणसाच्या डोक्यापेक्षा ती लांबून दिसते. ‘‘शीड सोडा काकी, फळी सोडू नका,’’ हे तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा.

या खेळाचा जन्म कुठे झाला यावर न्यायालयात भांडण झालेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे ब्रिटनमध्ये खटला उभा राहिला, आणि १९८५च्या निकालात ते पेटंट तिथे टिकलं नाही. कारण पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलाने १९५८ सालीच, बारा वर्षांचा असताना, हेलिंग बेटाजवळ अशी फळी करून चालवली होती. बारा वर्षांच्या त्या मुलाला पाण्यावर जाताना कुणीतरी पाहिलं असेल आणि आडवलं नसेल. पेटंटच्या खटल्यात त्या माणसाचा विषय निघायचं कारण नव्हतं. वाळूत खुर्ची टाकून बसलेल्या माझ्यासारख्याला मात्र सारखा तोच आठवायचा.

तिसऱ्या दिवशी ही फळीवर उभी राहिली. चौथ्या दिवशी आतल्या नारिंगी बोयापर्यंत जाऊन वळून आली. शिकवणारा म्हणाला, उद्या काकी एकट्या बाहेरच्या बोयापर्यंत जातील. संध्याकाळी ही अंघोळीला गेली असताना मी त्याला फोन केला. ‘‘उद्या हिला पुढे सोडू नका. वारा बरोबर नाही असं सांगा. माझं नाव काढू नका.’’ तो थोडा वेळ गप्प राहिला, मग ‘‘बरं काका’’ म्हणाला.

त्या रात्री मला गोव्यातली सगळ्यात चांगली झोप लागली. नंतर मला सर्वांत जास्त टोचलं ते हे. काळजी हिची म्हणायची आणि झोप लागली मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माड वाकवणारा छान खारा वारा होता. वर्गातले दोघे जण आधीच पाण्यावर होते. मुलगा खाली वाळूत बघत म्हणाला, ‘‘आज वारा बरोबर नाही, काकी.’’ हिने माडांकडे पाहिलं, पाण्यावरच्या दोन शिडांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ‘‘अहो, वाऱ्यालाही फोन केलात का?’’

रात्री खोलीच्या गॅलरीत आम्ही बराच वेळ बोललो. मी माझा मुद्दा मांडला, ‘‘तुझा जीव तुझ्या एकटीचा आहे का?’’ ही म्हणाली, ‘‘नाही. पण म्हणून तो तुमच्या एकट्याचा होतो का?’’

हा प्रश्न जुना आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये तो एका पुलाच्या उदाहरणाने मांडला. हिंदीत महावीरप्रसाद द्विवेदींनी ते पुस्तक ‘स्वाधीनता’ या नावाने आणलं, आणि मी ते तरुणपणी त्या रूपात वाचलं. कुणी मोडकळीला आलेल्या पुलावर पाय ठेवत असेल आणि सांगायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढायला हरकत नाही, कारण नदीत पडायचं त्याच्या मनात नसतं. पण धोका त्याला ठाऊक असेल, आणि पडणं ही खात्री नसून नुसती शक्यता असेल, तर त्याला सावध करावं आणि बाजूला व्हावं. पत्करायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवायचं. हिला धोका माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. म्हणजे मिलच्या दरबारात माझा निकाल लागलेला होता.

मी अपिलात गेलो. मिल असंही मान्य करतो, की कुठलाच माणसाचा जीव सगळ्यांपासून तोडलेला नसतो. एखादा शिपाई एरवी प्यायला तर ते त्याचं तो, पण पहाऱ्यावर असताना प्यायला तर ती शिक्षेची बाब होते, कारण तिथे दुसऱ्यांचं देणं लागतं. मग हिच्यावर अवलंबून असलेली आई आहे, मुलगी आहे, मी आहे, हे देणं नाही का? हा युक्तिवाद मला रात्री फार पक्का वाटला. सकाळी त्यातली खोट दिसली. या हिशेबाने आपल्या घरातली बाई कधी पहाऱ्यावरून उतरतच नाही. ती कुणाची तरी आई असते, सून असते, बायको असते, आणि हे सगळं चोवीस तास असतं. बाराशे किलोमीटर गाडी हाकताना मीही कुणाचा तरी नवरा, बाप आणि मुलगा होतो, तेव्हा माझ्या पहाऱ्याची आठवण कुणाला झाली नव्हती. जो नियम एकालाच बांधतो, त्याला मी वर्गात नियम म्हटलं नसतं.

मग मला सावित्री आठवली. ब्राह्मणपाऱ्यातल्या वडाला उन्हाळ्यात दोनदा सूत गुंडाळलं जातं. हिंदीभाषक शेजारणींचं व्रत अमावास्येला असतं, आमचं पंधरा दिवसांनी, ज्येष्ठ पौर्णिमेला. वनपर्वातली गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण त्यातल्या एका बारीक गोष्टीकडे आपण फारसं बघत नाही. सत्यवान वर्षभरात मरणार हे सावित्रीला नारदाच्या तोंडून लग्नाआधीच कळलेलं होतं. तिने त्याला झोपडीत कोंडलं नाही, कुऱ्हाड लपवली नाही, आज रानात जाऊ नका असं म्हटलं नाही. तीन रात्रींचं व्रत केलं, सासू-सासऱ्यांची परवानगी घेतली आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर चालू लागली. तिच्याइतकी पक्की बातमी आजवर कुठल्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळाली नसेल, तरी ती अडवत नाही, सोबत जाते. मला हे हाती लागल्यासारखं वाटलं. हिला उत्साहाने सांगितलं. थोडं पुढे जाऊन असंही म्हणालो, की सावित्रीनेही वर्षभर त्याला काही सांगितलं नव्हतं. तिने ते ओझं एकटीने वाहिलं. म्हणजे मार्चमधले माझे आठ दिवस अगदीच अक्षम्य नव्हते.

ही बाही सोलून काढत होती. ती पूर्ण काढून झाल्यावर म्हणाली, ‘‘सत्यवानाला कुणी विचारलं का? त्याला माहीत असतं, तर त्या वर्षी तो कदाचित लाकडं तोडत बसला नसता. मला तरी माहीत असतं, तर त्या आठ दिवसांतला एक दिवस मी रजा टाकून झोपले असते. तुम्ही मला रात्री नऊपर्यंत बँकेचे हिशेब जुळवू दिलेत.’’

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही नाही. उपचारात फरक पडला नाही हे खरं आहे. पण ते आठ दिवस हिचे होते आणि ते कसे घालवायचे हे मी ठरवलं. मला वाटत होतं की मी एक वाईट बातमी मागे ठेवली. खरं तर बातमीबरोबर मी हिची निवडही ठेवून घेतली होती. करंझाळ्याला तेच केलं, फक्त कागदाऐवजी वारा लपवला. काळजी करताना मी फक्त माझ्या भीतीला विचारतो, हिला विचारायची तिथे गरजच पडत नाही. काळजी घ्यायची तर हिला विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. दोन क्रियापदांमधला फरक मला आता असा दिसतो.

याचा अर्थ मी खुर्ची वळवून बसावं असा नाही. ‘तुझं तू बघ’ म्हणणं हे स्वातंत्र्याचा मान राखल्यासारखं दिसतं, पण पुष्कळदा ते नुसतं अंग काढून घेणं असतं. हिच्या जिवाशी माझा जीव बांधलेला असेल, तर मला काही हक्क आहेतच. भीती वाटते हे उघड सांगायचा, धोका किती हे जाणून घ्यायचा, बरोबर जायचा, परत आल्याचं कळायचा. हे सगळे हक्क हिच्या समोर बजावता येतात. जो हक्क फक्त पाठीमागेच बजावता येतो, तो बहुधा हक्क नसतो.

सहाव्या दिवशी मी त्या मुलाला हिच्या समोर तीन प्रश्न विचारले. मदतीची बोट तयार आहे का, लक्ष कोण ठेवणार, आणि किती वेळात परत यायचं? त्याने उत्तरं दिली. ‘‘हेच पहिल्या दिवशी विचारायचं होतंत की,’’ ही म्हणाली आणि फळी घेऊन पाण्यात शिरली.

बाहेरच्या बोयापर्यंत ही गेली. वळताना पडली. शीड पाण्यात आडवं झालं आणि बराच वेळ वर आलं नाही. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. शाळेतल्या वयातली शपथ पाळल्यामुळे त्याहून एक पाऊल पुढे जायची माझी लायकी नव्हती. आईने मला पाण्यापासून वाचवलं होतं, आणि त्याची किंमत अशी, की माझं माणूस पाण्यात असताना मी कुणाच्या उपयोगाचा नव्हतो. बोट निघाली. पण ही फळीवर बसलेली दिसत होती, हात वर करून नको म्हणून खुणावत होती. शीड सोडलं होतं, फळी धरून होती. दम खाल्ल्यावर पुन्हा उभी राहिली. वाऱ्याने हिला दोनापावल्याच्या बाजूला पुष्कळ लांब किनाऱ्याला लावलं, आणि मी वाळूतून धापा टाकत तिथवर गेलो. ही हसत होती. मला हसू आलं नाही, आणि मी तसं सांगितलं.

रात्री हात जड झाला. टेपने मोजलं तर मनगटाच्या वर दीड सेंटीमीटरची वाढ होती. मी काही बोललो नाही, बोलायला फार झालं होतं तरी. सकाळी तो मुलगा स्वतःहून म्हणाला, एक दिवस तुमचा वाया गेला, आज या, पैसे नकोत. ही म्हणाली, ‘‘आज नाही. हाताला विश्रांती हवी.’’ त्याच दिवशी मला हवा असलेला नकार मला मिळाला. फरक इतकाच, की तो हिचा होता. मी आधी मनाई केली असती तर हिचं जाणं तर गेलंच असतं, पण हिचं नाही म्हणणंही मी काढून घेतलं असतं. मग थांबण्यात शहाणपण उरलं नसतं, नुसती हार उरली असती. सूज चार दिवसांनी उतरली. उतरली नसती तर मी हा लेख असाच लिहिला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. युक्तिवाद तोच राहिला असता. लिहिणं मात्र फार जड गेलं असतं.

नौतपा लागायच्या आत आम्ही रायपूरला परतलो. आठवड्याभरात अमावास्या आली आणि वडाला शेजारणींचं सूत पडलं. जूनपासून मी पोहायला शिकतो आहे. सकाळी सहाची वेळ, बरोबरची मुलं आठ-दहा वर्षांची, आणि माझ्या नाकात अजून पाणी जातं. आठवडाभर मी आईला फिरायला जातो असं सांगून निघत होतो. या वयात तिच्या जिवाला घोर कशाला, असं मनाशी म्हणत होतो. एका सकाळी दाराशी चपला घालताना हिने विचारलं, ‘‘आईंना सांगितलंत का?’’

संध्याकाळी सांगितलं. आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. शपथेचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही. मग म्हणाली, ‘‘पहाटेची मी जागीच असते. परत आलास की आधी मला आवाज दे. मग मी पडेन जरा.’’